ओलीचे निदान

मराठी समीक्षेने वैद्यकाकडून बरेच शब्द उसने घेतले आहेत. चिकित्सा, लक्षण, निदान, प्रकृती, विकृती हे शब्द आपण वर्गात आणि लेखांत इतक्या सहजपणे वापरतो, की त्यांच्यामागे कधी काळी एक आजारी माणूस होता याची आठवण राहत नाही. वैद्याचे निदान चुकले तर रोगी बरा होत नाही. समीक्षकाचे निदान चुकले तर कवितेला काहीच होत नाही. ती आपल्या जागी असते, आणि चुकीचे निदान पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरते. निदान चुकल्याचे ताबडतोब आणि निःसंदिग्धपणे कळावे अशी सोय आमच्या विषयात नाही. ती सोय मला एका अगदी वेगळ्या ठिकाणी सापडली: पावसात मोटारसायकल का बंद पडते याचा शोध घेताना.

साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. पण तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे निम्मे आयुष्य दुचाकीवर जाते, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या उत्तरपत्रिका छातीशी धरून पावसात उभे राहण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी आलेला असतो. तेव्हा मनात येणारा पहिला प्रश्न 'आता काय करावे' हा असतो. 'हे असे का झाले' हा प्रश्न नंतर येतो, आणि पाऊस थांबला की तोही विरून जातो. हे विरून जाणे हाच या दुखण्याचा स्वभाव आहे. या लेखात मला त्याविषयीच लिहायचे आहे.

काही वर्षांपूर्वी मी आठवड्यातून तीनदा सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून वरच्या अंगाला शिकवायला जात असे. गाडी शंभर सीसीची, कार्बोरेटरची, आडव्या इंजिनाची. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच. महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत तिची गणना होते. जून-जुलैत तिथे पाऊस वरून पडतो असे म्हणणे अपुरे आहे. तो समोरून येतो, बाजूने येतो, आणि धुक्याच्या रूपाने नुसताच असतो. त्या वर्षी पहिल्या मोठ्या पावसापासून गाडीला एक विकार जडला. दाणोली मागे पडेपर्यंत ती बिनतक्रार चाले. चढण लागली की तिसऱ्या-चौथ्या वळणावर पहिला झटका बसे. बोलता बोलता एखाद्याने मधला शब्द गिळावा तसा. मग दोन शब्द, मग वाक्यच, आणि मग गाडी बंद. या गाडीचा हेडलाइट इंजिनावर चालणाऱ्या जनित्रातून वीज घेतो, त्यामुळे इंजिन थांबले की दिवाही जातो. धुक्यातल्या वळणावर, मागून मालाचा ट्रक येत असताना, आपण एकाएकी दिसेनासे होतो. या शोधाची निकड त्या अंधाराने निर्माण केली, हे सांगायला हवे.

वीस मिनिटे एखाद्या टपरीच्या आडोशाला थांबले, की गाडी पहिल्या किकला सुरू होई. गॅरेजपर्यंत पोहोचेतो ती इतकी ठणठणीत असे, की तक्रार सांगणाराच संशयास्पद वाटावा. खालच्या गॅरेजवाल्याने ऐकून घेतले आणि म्हटले, "कार्बोरेटरात कचरो इलो असतलो, सर." वरच्या गावातल्या गॅरेजवाल्याने ऐकून न घेताच म्हटले, "कचरा आलाय बघा सर कार्बोरेटरमध्ये." घाटाच्या दोन बाजूंना दोन बोली आहेत, पण निदान एकच होते. दोघांनीही कार्बोरेटर उघडून साफ केला. दोन दिवस उघडीप होती, गाडी छान चालली, आणि निदान सिद्ध झाले. तिसऱ्या दिवशी पाऊस आला.

हा कचरा मला ओळखीचा वाटला. बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ सालचा. त्यावरचा प्रश्न परीक्षेत आला, की शंभरातल्या नव्वद उत्तरपत्रिकांत 'यंत्रयुगातील माणसाची अगतिकता' हे शब्द असतात. विधान खोटे नाही. कार्बोरेटरमध्येही कचरा असतोच, कोणताही उघडा, थोडा निघतो. अडचण अशी, की जे निदान प्रत्येक कवितेला लागू पडते ते या कवितेविषयी काहीच सांगत नाही. त्यातही गंमत म्हणजे यंत्राविषयी इतके बोलणाऱ्या आपल्या समीक्षेत प्रत्यक्ष यंत्र क्वचितच दिसते. तिथले यंत्र थंड, निर्जीव, एकसुरी असते. पावसातली मोटारसायकल यातले काहीच नसते. तिला हवामान कळते, चढण कळते, वय कळते, आणि ती आपला आजार लपवते.

या लपण्याचे कारण समजण्यासाठी ठिणगीचा प्रवास थोडक्यात पाहावा लागेल. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवेत मिसळलेले पेट्रोल, ते दाबणारा दट्ट्या, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. राजदूत, येझदी, जुनी बुलेट यांच्यात ही वेळ साधण्याचे काम पॉइंट आणि कंडेन्सर करीत. नंतरच्या गाड्यांत सीडीआय नावाची बंद डबी आली. ती काहीशे व्होल्टचा दाब साठवते आणि ठरल्या क्षणी कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यात सोडते. कॉइल त्याचे दहा-वीस हजार व्होल्ट करते. जाड रबरी आवरणाच्या वायरीतून तो दाब प्लगच्या टोपीत येतो, टोपीतून प्लगच्या मधल्या दांडीत, आणि दांडीच्या टोकाशी असलेल्या ०.७ मिलिमीटरच्या फटीतून उडी मारून जमिनीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाला मिळतो. ती उडी म्हणजे ठिणगी.

विजेला ती उडी मारण्याची हौस नसते. तिला जमिनीला मिळायचे असते, आणि उडी मारल्याशिवाय दुसरी वाट नाही म्हणून ती उडी मारते. वायर आणि टोपी यांचे सगळे काम दुसरी वाट मिळू न देणे हे आहे. शुद्ध पाणी विजेचे फारसे वहन करीत नाही, पण रस्त्यावरून उडालेले पाणी शुद्ध नसते. त्यात माती असते, क्षार असतात, तेलाचा तवंग असतो. टोपीवर त्या पाण्याचा पातळ थर बसला की विजेला दुसरी वाट सापडते. ती टोपीच्या बाहेरच्या पृष्ठावरून सरपटत इंजिनाच्या अंगाला मिळते, आणि आतली फट रिकामी राहते. पेट्रोल आले, दाबले गेले, आणि न जळता बाहेर पडले. हाच तो गिळलेला शब्द.

आता चढणीचे कोडे. पाऊस तर सावंतवाडीपासूनच असे. मग घाटातच गाडी का अडखळे? उघड्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला वीजदाब साधारण ३,००० व्होल्ट लागतो. हवा दाबली गेली, की तीच फट ओलांडायला कितीतरी अधिक दाब लागतो. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर थोडाच पिळलेला असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण कमी येते आणि दाबही कमी असतो. विजेला आतली उडी परवडते. चढणीवर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला की आतला दाब वाढतो, उडी महाग होते, आणि टोपीवरची ओली वाट तुलनेने स्वस्त पडते. ओल दोन्ही ठिकाणी तीच असते. चढणीवर तिची निवड होते. प्लग काढून, टोपीत घालून, हेडला टेकवून किक मारली आणि ठिणगी दिसली म्हणजे प्रज्वलन ठीक आहे, असे मानण्याची जी सर्वत्र रूढी आहे तिच्यातली उणीव यावरून कळते. उघड्यावर दिसलेली ठिणगी आतल्या दाबाखाली पडेलच असे नाही. ती दिसली नाही तर दोष नक्की आहे. ती दिसली तर फक्त एवढेच कळले, की ओझे नसताना ती पडते.

माझे शिक्षण मराठीचे. इंजिनाच्या पुस्तकांतून मला माहिती मिळाली, पण तिची मांडणी कशी करावी हे कळले ते आयुर्वेदाच्या परिभाषेतून. 'माधवनिदान' या ग्रंथाची ओळख मराठीच्या अभ्यासकाला निदान नावाने असते. रोगज्ञानाची पाच साधने तिथे सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे रोग प्रकटण्याआधीची चाहूल, रूप म्हणजे प्रकट लक्षणे. उपशय म्हणजे ज्या औषधाने, आहाराने वा विहाराने बरे वाटते ते; कशाने बरे वाटते यावरूनही रोग ओळखता येतो. आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग कोणत्या मार्गाने पोहोचला त्याचा वृत्तान्त. चरकसंहितेत असेही सांगितले आहे, की ज्याची लक्षणे गूढ आहेत असा व्याधी उपशय आणि त्याच्या उलट असलेला अनुपशय यांच्या साहाय्याने तपासावा. पावसात बंद पडणारी आणि आडोशाला सुरू होणारी गाडी हा गूढ लक्षणांच्या व्याधीचा अगदी शुद्ध नमुना आहे.

रूपापासून सुरुवात केली. पेट्रोल कमी पडणारी गाडी आणि ठिणगी चुकणारी गाडी वेगवेगळ्या रीतीने मरतात. पेट्रोल कमी पडत असेल तर बळ हळूहळू ओसरते, चोक ओढला तर क्षणभर तरतरी येते. ठिणगी चुकत असेल तर बळ तुटते: आहे, नाही, पुन्हा आहे. न जळलेले पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये जाऊन कधी फटाक्यासारखा आवाज होतो. घाटातच, गाडी बंद पडल्या पडल्या, इंजिन किंचित निवले की प्लग खोलून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल आले आहे आणि ठिणगी आलेली नाही. एका पावसात, छत्री धरणाऱ्या टपरीवाल्या काकांच्या साक्षीने प्लग काढला. तो ओला होता, आणि त्याला पेट्रोलचा वास होता. कचऱ्याचा पक्ष तिथेच संपला. फ्लोटच्या वाटीचा तळाचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या पेल्यात काढले. पाणी पेट्रोलपेक्षा जड, तेव्हा ते तळाशी वेगळे दिसते. ते दिसले नाही. टाकीत पाणी गेल्याचा पक्षही संपला.

उरला तो विजेचा मार्ग. त्यावर चार-पाच ठिकाणे संशयित होती: किल्लीचे कुलूप, कॉइल, वायर, टोपी, प्लग. अशा वेळी गॅरेजात सर्रास एक उपाय होतो. प्लग, टोपी आणि कॉइल एकदमच बदलतात. गाडी बरी होते, कारण तिघांपैकी एक दोषी असतोच. व्यवहाराच्या दृष्टीने यात गैर काही नाही. गिऱ्हाइकाला गाडी हवी असते, ज्ञान नको असते. पण उपशय म्हणून हा उपाय निरुपयोगी आहे. तीन औषधे एकत्र दिल्यावर कशाने बरे वाटले हे कळण्याचा मार्ग बंद होतो, आणि दोष खरे तर तिघांच्याही बाहेर असला, तर पुढच्या पावसात सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मग पाऊस येण्याची वाट पाहायची, असे ठरवले. पहिल्या आठवड्यात प्लग नवा घातला. फरक नाही. जुना प्लग पुन्हा बसवला, कारण नवा तसाच ठेवला असता तर पुढच्या प्रयोगात दोन बदल मिसळले असते. दुसऱ्या आठवड्यात किल्लीच्या कुलपावर प्लॅस्टिक बांधले. फरक नाही. मग टोपी वायरीवरून फिरवून काढली आणि मल्टिमीटर लावला. टोपीच्या पोटात रेडिओत खरखर होऊ नये म्हणून एक रोधक असतो, साधारण ५,००० ओहमचा. तो बरोबर होता. कॉइलचे आकडेही बरोबर होते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मल्टिमीटर आपल्या छोट्या बॅटरीच्या दाबाने प्रश्न विचारतो. टोपीच्या आवरणात वाट आहे का, असे त्याने विचारले तर उत्तर 'नाही' असेच येते, कारण ती वाट काही हजार व्होल्टच्या दाबालाच उघडते. साधन खोटे बोलत नाही. त्याने प्रश्न फार हळू आवाजात विचारलेला असतो. वर्गात 'ही कविता कळली का' असे विचारल्यावर जे 'हो सर' येते त्याचीही प्रत अशीच असते.

तेव्हा अनुपशय. पावसाची वाट पाहण्याऐवजी पाऊसच घरी आणायचा. अंधार पडल्यावर अंगणात, मोकळ्या हवेत, गाडी स्टँडवर लावून सुरू केली, आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने एकेका भागावर पाणी शिंपडत गेलो. फवाऱ्यात चिमूटभर मीठ होते. हे करताना हात दूर ठेवावा लागतो. हा झटका साधा नसतो. कॉइलवर फवारले, काही नाही. वायरीवर फवारले, काही नाही. टोपीवर फवारले, आणि टोपीच्या खालच्या अंगावरून एक निळसर रेघ थरथरत इंजिनाच्या पात्यांवर उतरली. बारीक कटकट ऐकू आली, ओझोनचा तिखट वास आला, आणि इंजिन अडखळू लागले. कित्येक आठवडे जी घाटात धुक्याआड होत होती, ती घटना दोन हातांवर, उघड्या डोळ्यांनी दिसत होती. कापडाने पुसले, थांबली. पुन्हा फवारले, पुन्हा आली. वाङ्मयाच्या वीस वर्षांच्या अभ्यासात मला इतका निर्विवाद पुरावा कधी मिळालेला नाही, आणि त्या वेळी झालेला आनंद थोडासा मत्सराने मिसळलेला होता.

टोपी काढून दिव्याखाली पाहिली. काळ्या बेकलाइटवर केसासारखी एक फट होती, आणि फटीपासून कडेपर्यंत एक राखाडी, फांद्या फुटलेली रेघ. उंचावरून पाहिलेल्या नदीसारखी. ती जळलेल्या कार्बनची होती. ओल्या पृष्ठावरून वीज सरपटली की वाटेतला मळ आणि खुद्द टोपीचे द्रव्य थोडे जळते. त्याचा कार्बन होतो, आणि कार्बन वीजवाहक आहे. पाणी वाळून गेले तरी वाट शिल्लक राहते. दर पावसात ती थोडी लांब होते, आणि अखेर एक दिवस उन्हातही गाडी अडखळते. त्या वेळी तपासणाऱ्याला पाणी कुठेच दिसत नाही.

पोथ्यांच्या अभ्यासकाला ही अवस्था परिचयाची वाटेल. लेखनिकाची नजर एका ओळीच्या शेवटल्या शब्दावरून दुसऱ्या ओळीतल्या तशाच शब्दावर घसरते आणि मधले चरण गळतात. डुलकी लागण्याचे ते कारण, ती संध्याकाळ, तो मंद दिवा, सगळे वाळून जाते. गळती मात्र पुढच्या प्रतीत, तिच्या पुढच्या प्रतीत उतरत राहते आणि कालांतराने तोच पाठ होतो. शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठांतरांनी ग्रंथ अशुद्ध झाला होता म्हणून. १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा कोणता पाठ जुना हा वाद नव्याने उभा राहिला. चांगला पाठचिकित्सक 'हा पाठ अशुद्ध' एवढ्यावर थांबत नाही. शुद्धातून हे अशुद्ध कसे उपजले, हे तो सांगतो: ही डोळ्याची चूक, ही कानाची, ही अर्थ न कळलेल्या शहाण्याने केलेली सुधारणा. जिथे असा वृत्तान्त देता येत नाही, तिथे त्याची दुरुस्ती म्हणजे केवळ त्याची आवड असते.

हीच संप्राप्ती, आणि माझ्या गाडीच्या बाबतीत ती अजून बाकी होती. टोपी फुटली होती हे खरे. पण हीच गाडी आधीच्या पावसाळ्यात, याच घाटात, कुरकुर न करता चालली होती. मग यंदा काय बदलले? आडव्या इंजिनाच्या गाडीत हेड अगदी पुढे, पुढच्या चाकाच्या मागे असते. चाकाने उडवलेले पाणी तिथे पोहोचू नये म्हणून मडगार्डच्या खालच्या टोकाला रबराचा मडफ्लॅप असतो. मे महिन्यात एका कच्च्या रस्त्यावर तो दगडाला अडकून फाटला होता. एप्रिलपर्यंत टोपीवर फक्त आभाळातले पाणी पडत होते. जूनपासून तिच्यावर रस्त्यावरचे, माती-क्षारांचे पाणी चाकाच्या वेगाने मारले जात होते. वयाने कडक झालेली टोपी, गरम इंजिनावर थंड पाण्याचा मारा, त्यातून फट, फटीत ओल, ओलीतून वाट, वाटेवर कार्बन. आता साखळी पूर्ण झाली. नुसती टोपी बदलली असती तर गाडी त्या वर्षी बरी झाली असती, आणि नवी टोपी त्याच माऱ्यात उभी राहिली असती.

उपचार साधाच होता. वायरीचे टोक पाऊण सेंटिमीटर कापले. आतले तांब्याचे धागे हिरवे पडले होते, ते जाऊन स्वच्छ तांबे दिसले. त्यावर नवी टोपी फिरवून बसवली, दोन्ही तोंडांच्या रबरी बुच्यांत सिलिकॉन ग्रीस भरले, आणि मडफ्लॅप लावला. सगळ्या वस्तूंची मिळून किंमत एका दिवाळी अंकापेक्षा कमी होती. पुढच्याच आठवड्यात आंबोलीला दिवसभर कोसळत होते. गाडीने घाट एका दमात चढला.

असो. ही हकिकत कार्बोरेटरच्या जमान्यातली आहे. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याजागी इंधन फवारणारी यंत्रणा आली. आता दांड्यावरचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजात उपकरण जोडतात, पडद्यावर एक सांकेतिक आकडा येतो. ही सोय लहान नाही. संशयितांची यादी ती क्षणात आखूड करते. परंतु आकडा कोणत्या वायरीत गडबड आहे ते सांगतो, का आहे ते सांगत नाही. पाणी आता टोपीबरोबरच वायरींच्या बहुपदरी जोडांत शिरते, साइड स्टँडच्या स्विचवर चिखल होऊन बसते, आणि पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल टाकीतली ओल शोषून घेते ती निराळीच. 'कचरा आलाय' हे जुने निदान गेले, आणि 'सेन्सर गेलाय' हे नवे आले. सेन्सरही कधी कधी जातात, जसा कार्बोरेटरमध्ये कधी कधी खरोखरच कचरा असे. आपल्याकडेही अगतिकता गेली आणि तिच्याजागी नवी, बहुधा इंग्रजीतून आलेली, तितकीच सोयीची नावे आली. नाव बदलल्याने तपासणी झाली असे होत नाही, एवढे दोन्ही क्षेत्रांत सारखेच खरे आहे.

यावरून कविता हे यंत्र आहे असे मला म्हणायचे नाही. कवितेवर मीठ-पाण्याचा फवारा मारता येत नाही, आणि एक शब्द काढून दुसरा बसवला तर ती बरी-वाईट होत नाही, वेगळी होते. साहित्यात निर्णायक प्रयोग नाही, हा आपल्या विषयाचा स्वभाव आहे आणि मला तो प्रिय आहे. तरीही प्रयोग नसला म्हणून शिस्तीतून सुटका होत नाही. उलट चूक दाखवून देणारे बाहेरचे कोणी नसल्यामुळे ती शिस्त आपणच आपल्याला लावावी लागते. हल्ली वर्गात कोणी एखाद्या कवितेवर मोठे विधान केले, की मी तीन प्रश्न विचारतो. हे कवितेच्या कोणत्या शब्दावर जाणवले? हेच विधान शेजारच्या कवितेला लावले तर तिथेही बसते का? आणि तुम्ही म्हणता ते कारण खरे असेल, तर ते या शब्दापर्यंत कोणत्या वाटेने आले? पहिला प्रश्न रूपाचा, दुसरा अनुपशयाचा, तिसरा संप्राप्तीचा. बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नापाशी वर्ग शांत होतो. ती शांतता मला वाईट वाटत नाही.

मराठीत 'निदान' या शब्दाचा दुसरा एक अर्थ आहे: कमीत कमी. एकच शब्द रोगाच्या मुळाशीही जातो आणि 'एवढे तरी' असेही म्हणतो. मुळापर्यंत पोहोचणे नेहमी जमतेच असे नाही. पाऊस थांबतो, तास संपतो, सत्र संपते. पण प्लग ओला आहे की कोरडा, हे निदान पाहून तरी घ्यावे.